दिवा कुणासाठी?

दशलक्षण पर्वातला दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. मार्दव म्हणजे मऊपणा, मान कषाय गळून पडणं. त्या दिवशी मंदिरातून घरी यायला पुतण्याने मला आपल्या गाडीत बसवलं. त्याची बांधकामाची कामं असतात. साइटवरच्या यंत्रावर लावायचा पिवळा लुकलुकता दिवा त्याने स्वतःच्या गाडीच्या टपावर बसवला होता, शिवाय हूटरही. वीआयपी रोडवर बड्या तलावाच्या काठाने निघालो आणि पुढच्या स्कूटर, रिक्षा भराभर बाजूला झाल्या. खरं सांगते, मला छान वाटलं. मार्दवावरचं प्रवचन ऐकून अर्धा ताससुद्धा झाला नव्हता!

घरी आल्यावर मी म्हटलं, "अरे, हा दिवा कशाला?"

"काकू, ट्रॅफिकमधून सुटका होते. मी कुणाला धक्का तर मारत नाही ना? मग हिंसा कुठे झाली?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

मनालीला गेलो होतो तेव्हा रोहतांगच्या रस्त्यावर बर्फ बाजूला सारणारं यंत्र पाहिलं होतं. त्याच्यावर असाच पिवळा दिवा फिरत होता. रस्ता खणणाऱ्या जेसीबीवरही तोच असतो. तो दिवा म्हणतो, "मी वाटेत आहे, माझ्यामुळे तुम्हाला इजा होईल, जपून जा." आपल्याकडे ईर्या समिती सांगितली आहे. चार हात जमीन बघून पाऊल टाकायचं, कुणी जीव पायाखाली येऊ नये म्हणून. त्या यंत्राचा दिवा मला याच जातीचा वाटतो. त्यात दुसऱ्याची काळजी आहे. पुतण्याचा दिवा म्हणतो, "मी येतोय, तुम्ही सरका." दिवा तोच, भाव मात्र उलटा.

डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाल दिव्याला लगाम घातला. 1 मे 2017 पासून तर मंत्र्यासंत्र्यांच्या सगळ्यांच्या गाड्यांवरचे दिवे उतरले. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशा तातडीच्या कामालाच ते उरले. पण मंत्र्यांच्या गाडीवरून उतरलेली हौस आता आपल्या पोरांच्या गाडीवर चढली आहे.

मागच्या वर्षी सासूबाईंना रात्री रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं. सायरन वाजत होता, दिवा फिरत होता, पण पुढचा रिक्षावाला हलेना. शेवटी ड्रायव्हर ओरडला तेव्हा तो म्हणाला, "यहाँ तो सब हूटर बजाते हैं, भैया." सासूबाईंचा हात माझ्या हातात होता. मला त्या माणसाचा राग आला नाही. मला वीआयपी रोडवरची ती संध्याकाळ आठवली.

आम्हा भोपाळकरांना तर इशाऱ्याची किंमत वेगळी सांगायला नको. 1984 च्या डिसेंबरमधल्या त्या रात्री युनियन कार्बाइडचा, लोकांना सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. पुन्हा वाजला तोवर वायू वस्त्यांमध्ये शिरला होता. तिथे खरा इशारा दाबला गेला, आणि इथे आपण खोटा वाजवतो. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. पण इशारा ही सगळ्या गावाची ठेव आहे, एवढं त्यातून कळतं.

लोक वाट देतात ती गाडीला देत नाहीत. त्या दिव्यामागे कुणाचा तरी जीव टांगणीला लागलाय, या विश्वासाला देतात. तो विश्वास आपल्यासाठी नसताना उचलणं म्हणजे न दिलेलं घेणं, अदत्तादान. अचौर्य अणुव्रत काय फक्त तिजोरीपुरतं आहे? आणि असं थोडं थोडं उचलत गेलं की खऱ्या गरजेच्या वेळी ती ठेव रिकामी निघते. हिंसा कुठे झाली, याचं उत्तर हे आहे. धक्का लागतो, पण आपल्या मागून येणाऱ्याला लागतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

पुतण्याला हे सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग गप्प झाला. दिवा परत साइटवरच्या यंत्रावर गेला. हूटर अजून गाडीत आहे, वाजवत नाही म्हणतो. बघू.

क्षमावाणीच्या दिवशी आपण ओळखीच्यांनाच फोन करतो. यंदा मी त्या वीआयपी रोडवरच्या स्कूटरवाल्यांना मनातल्या मनात हात जोडले. त्यांचे चेहरेही मला आठवत नाहीत. मी तेव्हा त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.