इतिहासातील येशू आणि आमचे मौन

२०२४ सालच्या झावळ्यांच्या रविवारी संत मार्ककृत शुभवर्तमानातून प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन झाले आणि त्याच आठवड्यातील शुभ शुक्रवारी, प्रथेप्रमाणे, संत योहानकृत शुभवर्तमानातून. सोलापूरचा मार्चअखेरचा उन्हाळा वाचकांस ठाऊक आहे. दुपारची उपासना आटोपून आम्ही घामाघूम होऊन बाहेर पडत होतो, तोच एका वृद्ध मातेने आम्हांस दारातच गाठले. या मातेचे सारे आयुष्य विड्या वळण्यात गेले. अक्षरओळख नाही, परंतु कान विलक्षण तीक्ष्ण. ती म्हणाली, ''रविवारी प्रभू मोट्यानं देवाला इचारत हुते, मला का सोडलंस म्हून. आज शांतपनं सगळं पुरं झालं म्हनले. मरताना मानूस शेवटचं येकच कायतरी म्हनतो न्हवं? मग खरं कुटलं, फादर?''

आम्ही उत्तरलो, ''आजी, दोन्ही खरे.'' आणि मंद स्मित करून पुढे निघालो. उत्तर खोटे नव्हते; पण ते उत्तरही नव्हते. पुण्याच्या सेमिनरीत हाच प्रश्न आम्ही वर्षभर अभ्यासला होता. त्यावर निबंध लिहिले होते, परीक्षा दिल्या होत्या. जे आम्हांस शिकवले गेले ते एका श्रद्धावंत स्त्रीने सरळ विचारले असता आम्ही तिला का सांगितले नाही, हा प्रश्न त्या रात्री आमच्या उशाशी येऊन बसला. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाची झडती आहे. येशूच्या ऐहिक जीवनाचा शोध आद्य ख्रिस्ती लेखनातून कसा घेतला जातो, तो कोठवर पोहोचतो आणि त्याविषयी धर्मगुरूने श्रद्धावंतांसमोर मौन बाळगणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे काय, असे त्याचे तीन पदर आहेत.

प्रथम साधनांचा विचार करू. येशूने स्वतः एकही ओळ लिहून ठेवली नाही. इ. स. ३० च्या सुमारास, पंतय पिलात यहूदियाचा रोमन सुभेदार असताना, त्याला क्रुसावर मृत्युदंड झाला. त्याच्याविषयीचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने ख्रिस्ती लेखन म्हणजे संत पौलाची पत्रे. त्यांतील थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारणतः इ. स. ५० चे मानले जाते. संत मार्कचे शुभवर्तमान इ. स. ७० च्या आसपासचे, संत मत्तय आणि संत लूक यांची त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, आणि संत योहानाचे शतकाच्या अखेरीस, असा बहुतेक अभ्यासकांचा कौल आहे. म्हणजे घटना आणि पहिले सलग चरित्र यांच्यामध्ये सुमारे चाळीस वर्षांचे अंतर आहे.

चाळीस वर्षे म्हणजे किती? सोलापूरकरांस हे आपल्याच इतिहासावरून मोजता येईल. १९३० च्या मे महिन्यात या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांस येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. समजा, १९७० च्या सुमारास कोणी एखादा या गावात घरोघर हिंडून त्या दिवसांच्या आठवणी गोळा करू लागला असता, तर त्याला काय मिळाले असते? डोळ्यांनी पाहिलेली माणसे भेटली असती. त्यांच्या सांगण्यात क्रम मागेपुढे झाला असता, संवादांत भर पडली असती, हुतात्म्यांविषयीचा आदर प्रत्येक वाक्यात उतरला असता. तरीही चौघांस फाशी झाली, कोणत्या राजवटीत झाली आणि कशापायी झाली, याविषयी गाव चुकले नसते. शुभवर्तमानांचे स्वरूप बरेचसे असेच आहे. ती साक्ष आहे, आणि साक्षीला प्रेम असते, म्हणूनच तिला तपासणीही हवी असते.

मराठी वाचकाला याहून जवळचा दाखला हवा असल्यास तो 'लीळाचरित्रा'त सापडेल. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी गावोगाव फिरून स्वामींच्या सहवासातील माणसांकडून एकेक लीळा मिळवली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली व अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यामुळे एकाच लीळेचे निरनिराळे पाठ आढळतात. म्हणून मराठी संशोधकांनी तो ग्रंथ टाकाऊ ठरवला काय? उलट पाठभेद शेजारी शेजारी ठेवून त्यांनी तो अधिक सूक्ष्मपणे वाचला. आमच्या गावाचे श्रीसिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील पुरुष; त्यांचे चरित्र राघवांक कवीने कन्नड काव्यात गायिले. तेही भक्ताने लिहिलेले आहे. भक्ताचे लेखन वाचताना इतिहासकार दोन गोष्टी विचारतो: याला काय सांगायचे आहे, आणि ते सांगताना त्याच्या हातून नकळत काय सांगितले गेले आहे?

हाच दुसरा प्रश्न शुभवर्तमानांस विचारला असता हाती बरेच लागते. लेखकाला अडचणीची वाटणारी गोष्ट तो स्वतःहून रचत नाही, हे साधे तत्त्व आहे. येशूने योहानाकडून पश्चात्तापाचा बाप्तिस्मा घेतला, ही आद्य ख्रिस्तसभेला अडचणीची गोष्ट होती. संत मत्तयाच्या निवेदनात योहान आढेवेढे घेतो, त्यावरून ती अडचण दिसते. पेत्राने आपल्या गुरूला नाकारले, ही गोष्ट पेत्राला मान देणाऱ्या सभेने मुद्दाम जोडली असेल हे संभवत नाही. रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया होत्या, आणि त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. क्रूस तर गुलामांचे व बंडखोरांचे मरण. तो तारणाऱ्याच्या माथी कोण कशाला मारील? दुसरे तत्त्व असे की, परस्परांवर अवलंबून नसलेल्या अनेक साधनांत जे येते त्याचे वजन अधिक. येशूच्या वधाचा उल्लेख रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही दुसऱ्या शतकाच्या आरंभी पिलाताच्या नावानिशी केला आहे. आणि पिलाताचे नाव कोरलेला शिलालेख १९६१ साली कैसरियाच्या उत्खननात मिळाला.

संत पौलाची साक्ष तर आणखी मोलाची आहे. गलतीकरांस लिहिताना तो सांगतो की, परिवर्तनानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमेस गेला, पेत्राजवळ पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा बंधू याकोब यालाही भेटला. ज्याने येशूबरोबर दिवस काढले आणि ज्याने त्याला घरातील माणूस म्हणून पाहिले, अशा दोघांशी या लेखकाचा प्रत्यक्ष परिचय होता. येशू हे पात्र मुळात काल्पनिकच, असे म्हणणाऱ्यांनी हे पंधरा दिवस कोठे ठेवावेत, ते आम्हांस समजत नाही.

परंतु प्रामाणिकपणा दोन्ही बाजूंनी हवा. येशूच्या जन्माविषयी संत मत्तय हेरोद राजाचा काळ सांगतो, आणि हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये मरण पावला असे मानले जाते. संत लूकही हेरोदाचा उल्लेख करतो, परंतु जन्माचा संबंध क्विरिनियसच्या शिरगणतीशी जोडतो. ती शिरगणती इ. स. ६ मधील. या दोहोंचा मेळ घालण्याचे अनेक प्रयत्न झाले. एकही निर्विवाद ठरला नाही. प्रभूचे शेवटचे शब्द हे दुसरे उदाहरण. संत मार्क आणि संत मत्तय यांच्या निवेदनात एका स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश आहे, संत लूककडे पित्याच्या हाती आत्मा सोपवणारी प्रार्थना आहे, संत योहानाकडे कार्यपूर्तीचा उद्गार आहे. पहिला आक्रोश श्रद्धावंताला अडचणीचा, म्हणून तो मूळचा असावा, असे काही अभ्यासक म्हणतात. तोही स्तोत्रातून घेऊन सुवार्तिकानेच योजला असावा, असे दुसरे म्हणतात. नेमका शेवटचा शब्द इतिहासाच्या हाती येत नाही. आजींच्या प्रश्नाचे सरळ उत्तर हे होते.

असे भेद आद्य ख्रिस्तसभेला दिसले नसतील काय? दिसले होते, आणि येथेच आद्य लेखन आमच्या मदतीस येते. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील बिशप पापियास सांगतो की, मार्क हा पेत्राचा दुभाषी होता, त्याने आठवले ते काळजीपूर्वक लिहिले, पण क्रमवार लिहिले नाही. पापियासचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. युसेबियसने चौथ्या शतकात दिलेल्या उताऱ्यांतून हे विधान उरले. दुसऱ्या शतकातच थोडे आधी अंत्युखियाचे बिशप संत इग्नेशियस रोममध्ये हौतात्म्य पत्करण्यास जाताना वाटेत पत्रे लिहितात आणि त्यांत पुन्हा पुन्हा बजावतात की, येशू खरोखर जन्मला, खरोखर जेवला-प्याला, पिलाताच्या अमलात खरोखर क्रुसावर गेला. कारण तो केवळ माणसाचा भास होता असे म्हणणारे तेव्हा निघाले होते. येशूच्या खऱ्याखुऱ्या मानवी जीवनाचा आग्रह असा मुळात श्रद्धेच्याच घरातला आहे.

आणखी एक घटना फार बोलकी आहे. इ. स. १७० च्या सुमारास टेशियन नावाच्या लेखकाने चारही शुभवर्तमाने एकत्र विणून एकच सलग चरित्र केले. विसंगती मिटल्या, कथा सुबक झाली. सिरियातील सभांत ती दोन-अडीच शतके वाचली गेली. परंतु पाचव्या शतकात तेथील बिशपांनी ती बाजूला सारून चार वेगळी शुभवर्तमाने पुन्हा रूढ केली. भक्तीसाठी सलग कथा गोड वाटते. १६१६ साली प्रसिद्ध झालेले 'ख्रिस्तपुराण' फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचले ते याच गोडीने, आणि ते आमचे भूषण आहे. पण वेदीवरून वाचण्यासाठी सभेने चार साक्षी, त्यांच्या मतभेदांसह, राखून ठेवल्या. ज्या भेदांची आम्हांस भीती वाटते ते सभेने जाणूनबुजून जपले आहेत.

इतिहासाच्या मर्यादाही येथेच नोंदवल्या पाहिजेत. १९०६ साली अल्बर्ट श्वाइट्झर यांनी दाखवून दिले की, येशूचे चरित्र लिहू निघालेल्या अनेक विद्वानांनी अखेर आपलाच चेहरा त्यात पाहिला. आपल्या देशात तर येशू भारतात शिकून गेला, अशी कथा आजही मोठ्या आवडीने सांगितली जाते. १८९४ साली नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने लडाखच्या हेमिस मठातील हस्तलिखिताच्या नावावर ती प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी तेथे गेलेल्या एका प्राध्यापकास मठाच्या प्रमुखांनी असे हस्तलिखित नसल्याचे सांगितले. जवळची साक्ष टाकून अठरा शतकांनंतरची कथा उचलणे हे संशोधन नव्हे. तसेच, शिष्यांनी पुनरुत्थित प्रभूला पाहिल्याची साक्ष दिली आणि त्यासाठी प्राण वेचले, येथवर इतिहास आपल्याला घेऊन जातो. त्यापुढील पाऊल श्रद्धेचे आहे. त्या पावलासाठी इतिहासाची पावती मागणे जितके चूक, तितकेच ते पाऊल इतिहासावर लादणेही चूक.

आता मौनाविषयी. आमच्या मनात तीन सबबी होत्या. साध्या माणसांची श्रद्धा डळमळेल. विरोधक याचा गैरफायदा घेतील. आणि तारणासाठी या माहितीची गरज नाही. तिन्ही तपासून पाहता त्या फिक्या पडल्या. पोप बारावे पायस यांनी १९४३ साली शास्त्राच्या लेखनप्रकारांच्या अभ्यासाला उत्तेजन दिले. १९६४ साली परमगुरूंच्या बायबल आयोगाने शुभवर्तमानांचे तीन टप्पे सांगितले: येशूचे जीवन, प्रेषितांची घोषणा आणि सुवार्तिकांची मांडणी. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तेच शिकवणीत घेतले. जे सभेने उघडपणे सांगितले ते आम्ही धर्मग्रामात झाकून ठेवले होते. म्हणजे आम्ही लोकांच्या श्रद्धेचे रक्षण करीत नव्हतो. त्यांच्या प्रश्नांपासून स्वतःचे रक्षण करीत होतो. 'साधी माणसे' हा शब्दही तपासला पाहिजे. पाच दिवसांच्या अंतराने ऐकलेल्या दोन वाचनांतील भेद जिने टिपला ती साधी कशी?

पास्काच्या सणानंतर आम्ही त्या मातेच्या घरी गेलो. चार साक्षीदार, त्यांचा काळ, त्यांची दृष्टी आणि शेवटचा शब्द निश्चित सांगता येत नाही हे सारे शक्य तितके सोपे करून सांगितले. तिने सुपातील तंबाखू बाजूला सारून शांतपणे ऐकले. तिची श्रद्धा डळमळलेली आम्हांस दिसली नाही. तिने एवढेच विचारले, ''हे तुमास्नी आदीच ठावं हुतं न्हवं, फादर? मग इतकी वरसं का सांगितलं न्हाई?'' या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

२०२५ साली झावळ्यांच्या रविवारी संत लूकची पाळी होती. वाचनापूर्वी पाच मिनिटे आम्ही चार साक्षींविषयी बोललो. एका ज्येष्ठ गृहस्थांनी नंतर नाराजी कळवली. वेदीवरून शंका पेरू नयेत, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे दुःख आम्ही हलके मानीत नाही आणि त्यांच्याशी आमचे बोलणे अद्याप संपलेले नाही. त्या शुक्रवारी ती वृद्ध माता पहिल्या बाकावर बसली होती. उपासना संपल्यावर ती दारात थांबली. यंदा रविवारचा शब्द तिसराच होता, हे तिने आम्हांस सांगितले. आणि या वेळी आम्हीही थांबलो.