डोंगराचं पाणी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ मोठी असते. बहुतेकांना चार घटका मोकळी हवा हवी असते, आणि ती तिथं मिळतेही. पण या जंगलाशी खरी ओळख करून घ्यायची तर ती पाण्यापासून करावी, असं मला वाटतं. त्यासाठी थोडं वर, कान्हेरीपर्यंत जावं लागतं.

कान्हेरीच्या काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथं कोरीवकाम सुरू झालं आणि पुढं कित्येक शतकं भिक्षूंचा राबता राहिला. बघायला येणारे मोठ्या चैत्यगृहापाशी फोटो काढतात आणि परततात. त्यांनी एखाद्या लहानशा लेण्याच्या ओसरीशी थांबून बाजूला बघावं. कातळात एक चौकोनी तोंड दिसतं. वाकून पाहिलं की आतला गारवा चेहऱ्याला लागतो आणि खाली संथ पाणी दिसतं. ही पोढी. मग मान वर करून उतार न्याहाळावा. पावसाचं पाणी इकडंतिकडं वाहून न जाता नेमकं पोढीतच उतरावं, म्हणून दगडात बारीक पन्हळी कोरलेल्या आहेत. कुणीतरी भर पावसात या उतारावर उभं राहून पाणी कुठून येतं, कुठं वळतं ते पाहिलं असणार, त्याशिवाय अशी पन्हळ कोरता येत नाही. इथल्या शिलालेखांत लेण्याबरोबर पोढी दान दिल्याच्याही नोंदी आहेत. दात्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत. कुणाला निवारा दिला की पाण्याची सोयही आपणच करायची, ही त्या माणसांची रीत होती.

पुढं इंग्रजांच्या काळात बेटावरची वस्ती वाढली, विहिरी पुरेनात, तेव्हा मुंबईही पाण्यासाठी याच डोंगराकडं आली. मिठी नदीच्या खोऱ्यात बांध घालून 1860 साली विहार तलाव झाला आणि शहराला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं. 1879 मध्ये तुळशी झाला. आज मुंबईला लागणाऱ्या पाण्यात या दोन तलावांचा वाटा अगदी थोडा आहे. बाकीचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरच्या धरणांतून येतं. पण एक गोष्ट विसरू नये. तलावात येणारं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचं पाणलोट क्षेत्र राखलं गेलं, आणि त्या राखलेल्या डोंगरांभोवतीच आजचं 104 चौरस किलोमीटरचं उद्यान उभं राहिलं. मुंबईकरांची तहान नसती, तर हे जंगल कधीच इमारतींखाली गेलं असतं.

आता नद्यांचं बघू. दहिसर नदी तुळशीच्या बाजूनं निघते. उद्यानात ती दगडगोट्यांतून, झाडांच्या मुळ्यांना वळसे घालत येते. तळ दिसावा इतकं पाणी नितळ असतं. हीच नदी श्रीकृष्णनगर, दौलतनगरकडं आली की तिच्यात सांडपाणी सुटतं, तबेल्यांचं शेण येतं, प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात. काठाला काँक्रीटच्या भिंती लागतात आणि पोरंसोरं तिला नाला म्हणू लागतात. पोयसर आणि ओशिवरा या नद्यांच्या वाट्यालाही हेच आलं आहे. मला याचं फार वाईट वाटतं. डोंगरानं स्वच्छ दिलेलं पाणी आपण काही किलोमीटरांत घाण करून खाडीला लावतो.

मिठीनं मात्र याचा जाब विचारला. विहार आणि पवईच्या सांडव्याचं पाणी घेऊन ती माहीमच्या खाडीकडं जाते. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला वळवलं, भराव टाकून तिचं पात्र आक्रसलं, काठावर वस्त्या आणि कारखाने दाटले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी पाण्याला जायला जागा उरली नव्हती. ज्या मुंबईकरांनी ती रात्र छपरावर, बसमध्ये किंवा कंबरभर पाण्यातून चालत काढली, त्यांना वेगळं काही सांगायला नको.

उद्यानातल्या बिबट्यांची मोजणी होते, तिची बातमी होते, आणि ते योग्यच आहे. नद्यांकडंही तितकंच लक्ष जायला हवं. आता डोंगराच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली जोडणारे बोगदे होत आहेत. प्रवासाची वणवण कमी होईल, हे खरं. पण जिथं माथ्यावर दोन तलाव आणि अंगाखांद्यावर एवढे झरे आहेत, तिथं खोदताना पाण्याच्या वाटा आधी तपासाव्यात आणि काय आढळलं ते लोकांसमोर ठेवावं, एवढी मागणी रास्त आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी उद्यानातून बाहेर पडलात की लगेच घरी जाऊ नका. दहिसर नदीच्या काठानं थोडं चाला. कुठं सांडपाण्याचा पाइप नदीत सोडलेला दिसला तर त्याचा फोटो काढून महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. पुलावरून कुणी निर्माल्याची पिशवी भिरकावत असेल, तर त्याला हात जोडून थांबवा.