तेंदूपत्त्याचा करार कोणत्या कोर्टात?

तेंदूपत्त्याचा हंगाम उन्हाळ्यातले जेमतेम काही आठवडे. पाऊस पडला की पान विडीच्या कामाचे राहत नाही. म्हणून करार मोडला की या धंद्यात पहिली चौकशी एकच असते: दाद लवकर कुठे मिळेल? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे मत पन्नास वर्षे बदलत गेले. त्या प्रवासाचे पहिले टप्पे आपल्याच भागातल्या माणसांनी आणि जंगलांनी घडवले, याची आठवण गोंदियात क्वचितच निघते.

मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 31 मार्च 1951 पासून मालगुजारांची जंगले सरकारजमा झाली. भंडारा जिल्हा, आणि त्यात गोंदिया, तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारांनी पानांचे ठेके आधीच देऊन ठेवले होते. त्यांचे काय करायचे? गोंदियाच्या विडीधंद्यातली छोटाभाई जेठाभाई पटेल आणि कंपनी खालच्या कोर्टात न जाता घटनेच्या कलम 32 खाली रिट अर्ज घेऊन थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1952 मध्ये जिंकली. पाने आधीच विकली गेली आहेत, जमीन सरकारची झाली म्हणून पाने सरकारची होत नाहीत, असा तो निकाल होता.

हा दिलासा सहा वर्षेही टिकला नाही. शांताबाई या जमीनदाराच्या पत्नी. पतीने 1948 मध्ये 26,000 रुपयांच्या मोबदल्यात त्यांना बांबू, जळाऊ लाकूड आणि सागवान तोडण्याचा हक्क लिहून दिला होता, पण दस्त नोंदवलेला नव्हता. भंडाऱ्याच्या उपायुक्तांनी तोडीला परवानगी दिली, वनाधिकाऱ्यांनी ती बंद पाडून माल जप्त केला. प्रकरण दिल्लीला पोचेपर्यंत भंडारा मुंबई राज्यात आला होता, म्हणून 1958 च्या निकालावर प्रतिवादी म्हणून मुंबई राज्याचे नाव आहे. न्यायालय म्हणाले, हक्क जमिनीतला असेल तर नोंदणी हवी होती. नुसता करार असेल तर सरकारने करार ताब्यात घेतलेला नाही, तो मानायचे नाकारले इतकेच. मग मूलभूत हक्काचा भंग कुठे झाला? दिवाणी दावा लावा. पीठावरचे न्या. व्हिव्हियन बोस नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. पुढच्याच वर्षी महादेव खटल्यात नागपूरचेच न्या. हिदायतुल्ला यांनी तेंदूपत्त्याच्या ठेक्यांनाही हेच लावले आणि 1952 च्या निकालाचा आधार काढून घेतला.

मला हे निकाल कायद्याच्या दृष्टीने चुकीचे वाटत नाहीत. रिटमध्ये काम प्रतिज्ञापत्रांवर चालते. साक्षीदार पिंजऱ्यात येत नाही, उलटतपासणी होत नाही. कराराबद्दल दोन्ही बाजू दोन गोष्टी सांगत असतील तर उलटतपासणीचा हक्क सरकारलाही आहेच. अडचण अशी की जिथे साक्षीपुरावा होतो तिथे पेश्यांमागून पेश्या पडतात. पहिल्या अपिलात पुरावा नव्याने तोलता येतो. मात्र 1976 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अपिलाला उच्च न्यायालयात कायद्याचा ठोस प्रश्नच लागतो. खाली जो कागद दाखल व्हायचा राहिला, त्याची भरपाई वर नागपूरला सहसा होत नाही.

पुढे विचार वळला, आणि गंमत म्हणजे पुन्हा याच पानावरून. ओडिशा सरकार जुन्याच ठेकेदारांना केंदूपत्ता, म्हणजे आपला तेंदूपत्ताच, देत राहिले. रासबिहारी पांडा खटल्यात 1969 मध्ये ते बेकायदा ठरले. घटनासमितीने अमेरिकेच्या घटनेतला ‘ड्यू प्रोसेस’ हा शब्दप्रयोग टाळला होता, पण मनमानी नको आणि म्हणणे ऐकून घ्या ही त्यातली मागणी समानतेच्या कलम 14 मधून आत आली. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेवरून 1979 मध्ये न्या. भगवती यांनी स्पष्ट केले की सरकारी संस्थेला करार देतानाही स्वतःचे नियम पाळावे लागतात. तत्त्व ठरले, पण दाद मागणारे रमण शेट्टी हरले; ते उशिरा आले होते. एबीएल इंटरनॅशनलच्या प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी विम्याची रक्कम रिटमध्येच मंजूर केली, अपिलात खंडपीठाने कंपनीला दिवाणी कोर्टाची वाट दाखवली आणि 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल फिरवला. वस्तुस्थितीवर वाद आहे एवढ्यावरून रिटचे दार लागत नाही, असे आता ठरले.

गोंदियात मात्र करारातला पक्षच बदलला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभांकडे दिली आणि 2013 पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या ग्रामसभा पाने स्वतः विकू लागल्या. आता व्यापाऱ्याने पैसे थकवले तर समोर सरकार नसते, खासगी माणूस असतो, आणि त्याच्याविरुद्ध रिट सहसा चालत नाही. कलम 14 मधून मिळवलेले सगळे इथे निरुपयोगी. पाने तोडणाऱ्यांची मजुरी अडकलेली असताना ग्रामसभेने वकील लावायचा, कोर्ट फी भरायची आणि दिवाणी दाव्याच्या त्याच रांगेत उभे राहायचे, जिथे 1958 मध्ये शांताबाईंना पाठवले होते.