कुमारीचे कांकण आणि डोंगराची धार

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, गुरुवारच्या आरतीनंतर एका माउलीने मला विचारलेला प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो. त्या म्हणाल्या, "मुलगा चोवीस वर्षांचा आहे. सुट्टी मिळाली की एकटाच डोंगरात निघतो. कुणाला तरी सोबत ने म्हटलं, तर म्हणतो, आई, अवधूतही एकटेच फिरत होते ना? त्यांना कुणी सोबतीची अट घातली होती का? आता याला काय उत्तर देऊ?"

प्रश्न मुलाच्या हट्टाचा वाटतो. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे आणि तो तुम्हाआम्हा सगळ्यांना लागू पडतो. माझा जीव माझ्या एकट्याच्या मालकीचा आहे का? एकांत हवासा वाटणं ही साधना, की आपल्यापुरतं पाहणं?

आधी मुलाची बाजू ऐकू. आपलं दैवत डोंगरमाथ्यावर रमणारं आहे. माहूरला दत्तशिखर आहे, गिरनारला पादुका शिखरावर आहेत, अबूच्या गुरुशिखरावर, १,७२२ मीटर उंचीवरही दत्तस्थान आहे. गिरनारला पायऱ्या आहेत, आणि २०२० पासून अंबाजीच्या टप्प्यापर्यंत रोपवेही झाला. मध्यरात्री चढायला लागलात तरी पुढचा कुणीतरी "जय गिरनारी" म्हणतोच. तिथे माणूस एकटा निघाला तरी एकटा राहत नाही.

सह्याद्रीतल्या धारेची गोष्ट वेगळी. राजगड आणि तोरणा या दोन गडांना जोडणारी डोंगराची धार घ्या. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने बाहेर पडलं की उतार संपता संपता एक लांबच लांब सोंड लागते. मध्ये वेल्ह्याकडून भुतोंड्याकडे जाणारा रस्ता खिंडीत ओलांडायचा, आणि मग पुन्हा चढत तोरण्याच्या बुधला माचीकडे जायचं. तोरणा सुमारे १,४०० मीटर उंच. चालणाऱ्याचा अख्खा दिवस जातो. काही ठिकाणी वाट पाऊलभर रुंद, दोन्ही अंगांना उतार. मार्गशीर्षात गवत वाळलेलं असतं, त्यावरून पाय सटकतो. खाली मुरमाचा घसारा. कारवीचं झुडूप हाताला लागलं तर आधार, नाही तर नाही. पाणी पाठीवरच न्यायचं. मोबाईलची रेंज येते-जाते.

ही धार मी एकट्याने चाललो आहे, म्हणून त्या मुलाला काय मिळत असेल ते मला ठाऊक आहे. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये एक बाण करणारा कारागीर आहे. राजाची मिरवणूक वाजत-गाजत शेजारून गेली, तरी त्याची नजर बाणावरून हलली नाही. धारेवर प्रत्येकाचा तसा कारागीर होतो. पुढचं पाऊल आणि त्याखालचा दगड, एवढंच जग उरतं. ऑफिस, हप्ते, कुणी केलेला अपमान, सगळं आपोआप गळतं. घरी जपाला बसल्यावर जे मन पाच मिनिटं थांबत नाही, ते तिथे तासभर जागेवर राहतं. सोबत चार जण असले की गप्पा होतात, फोटो होतात, कोण पुढे कोण मागे होतं. म्हणजे मुलगा अगदीच खोटं बोलत नाही.

पण शास्त्राचा दाखला द्यायचा तर अर्धा देऊन चालत नाही. एकटं राहण्याचा धडा अवधूताने कुणाकडून घेतला? भागवताच्या अकराव्या स्कंधात ती कुमारीची कथा आहे. नाथमहाराजांनी याच स्कंधावरची आपली टीका १५७३ साली काशीत पूर्ण केली, त्यामुळे मराठी घरांत ही कथा पिढ्यान् पिढ्या आहे. घरची माणसं बाहेर गेलेली, आणि मुलीला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत एकीकडे साळी कांडू लागली, तर हातातली कांकणं वाजू लागली. घरची गरिबी पाहुण्यांना कळेल म्हणून तिने ती एकेक करून उतरवली. दोन राहिली तरी आवाज होईना का? होत होताच. शेवटी प्रत्येक हातात एकच ठेवलं, तेव्हा आवाज थांबला.

अवधूत यातून शिकला की पुष्कळ एकत्र आले की भांडण, दोघे असले की बोलणं, म्हणून साधकाने त्या एका कांकणासारखं असावं. आपण बहुतेक इथेच थांबतो. मला मात्र त्या मुलीकडे अजून थोडं पाहावंसं वाटतं. तिने एकेक कांकण उतरवलं ते कुणासाठी? दारात आलेल्या पाहुण्यांच्या घासासाठी आणि बाहेर गेलेल्या आईबापांच्या अब्रूसाठी. हात तिने रिकामा केला नाही, एक कांकण ठेवलंच. घर सोडून ती पळाली नाही. तिचं एकटेपण कामापुरतं होतं आणि ते काम दुसऱ्यांचं होतं. जो धडा मुलगा आईला ऐकवतो, तो मुळात घरातल्यांची काळजी वाहणाऱ्या मुलीकडून आला आहे!

अवधूताची गोष्टही नीट पाहायला हवी. त्याला घर नव्हतं, वाट पाहणारं कुणी नव्हतं. तो कड्यावरून पडला असता तर कुणाची चूल विझली नसती. आपण गृहस्थ. आपण धारेवर पाय टाकतो तेव्हा आपल्या पावलाला किती जण बांधलेले असतात! घरचे तर आहेतच. पण कुणी दरीत अडकला, तर अंधारात दोर घेऊन कोण उतरतं? गडाखालच्या वस्तीतली पोरं, पोलीस, गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक. दुसऱ्या दिवशी त्यांनाही कामावर जायचं असतं. त्यांचे पाय त्याच घसाऱ्यावरून जातात, तेही रात्री. "माझं मी बघून घेईन" हे वाक्य डोंगरात खरं ठरत नाही. तिथे आपलं नेहमी कुणीतरी दुसराच बघतो.

मी निघालो तेव्हा राजगडाखालच्या ज्या घरी रात्री मुक्काम होता, तिथल्या मावशींनी विचारलं, "एकटंच? कोणत्या वाटेनं? तिकडं पोचल्यावर फोन लावा, मी झोपायची नाही." क्षणभर वाटलं, एवढ्या लांब एकांतासाठी आलो आणि इथेही जबाब द्यायचा! पुढे खिंडीच्या अलीकडे धुकं दाटलं, पाच पावलांपुढचं दिसेना. तिथे मला मावशींचा आवाज आठवला आणि मी दगडाला पाठ लावून दोन तास बसून राहिलो. धुकं विरलं, मग उठलो. त्या दोन तासांत नामस्मरण जितकं शांत झालं, तितकं एरवी क्वचितच होतं. त्यांचं ते वाक्य माझ्या हातातलं एक कांकण होतं. त्याने एकांत मोडला नाही, उलट बिनघोर केला.

म्हणून एकांत खरा की हट्ट, हे ओळखायची एक साधी खूण मला वाटते. मागे फिरता येतं का? माथा अर्ध्या तासावर दिसतोय, पण ऊन कलतंय, पाणी संपलंय. अशा वेळी जो निवांतपणे परततो, त्याचा एकांत वैराग्याच्या जवळचा. ज्याला परतणं म्हणजे हार वाटते, तो माथ्याला चिकटलेला आहे. चोवीस गुरूंत पतंगही आहे, आणि तो दिव्याकडे एकटाच जातो. एकट्याने जाण्यात काही मोठेपण नाही, कशाच्या ओढीने जातो ते पाहायचं.

आता माउलीसाठीही एक गुरू आहे. तो म्हणजे कपोत, पिल्लांच्या मोहापायी स्वतः जाळ्यात शिरणारा. मुलाला घरात कोंडून भीती जात नाही, ती फक्त त्याच्या अंगाला लावली जाते. त्याला अडवू नये. वाट विचारावी, परतायची वेळ विचारावी आणि दाराशी निरोप द्यावा. उत्तर देणं हे मुलाचं ऋण, आणि उत्तर मिळाल्यावर त्याला जाऊ देणं हे आईचं तप.

आणि त्या मुलाला सांगावं की बाबा रे, डोंगर हाही अवधूताचा गुरूच आहे. पण त्याच्या उंचीचं कौतुक भागवतात नाही. डोंगराकडून शिकायचं ते एवढंच की आपलं सगळं असणं दुसऱ्यांसाठी असावं. तू ज्या धारेवर चालतोस, तिच्या एका अंगाला पडलेला थेंब गुंजवणीत जातो, दुसऱ्या अंगाचा वेळवंडीत. दोघींचं पाणी नीरेला मिळतं. नीरा नरसिंहपुराला भीमेत शिरते. तीच भीमा पुढे पंढरीला चंद्रभागा होते आणि गाणगापूरला अमरजेला भेटते. संगमावर स्नान करणाऱ्या म्हातारीच्या ओंजळीत त्या निर्मनुष्य धारेवरचा थेंबही असतो. डोंगर एवढा एकटा उभा दिसतो, पण त्याच्याइतका सगळ्यांचा दुसरा कुणी नाही.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥