चोवीस रकाने

३ फेब्रुवारी १९२८ च्या ‘बहिष्कृत भारत’मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याच पत्राचा हिशेब वाचकांपुढे ठेवला. पत्रावर झालेले कर्ज हे सार्वजनिक कर्ज मानायचे की नाही, हा प्रश्न त्यांनी अग्रलेखाच्या मथळ्यातच विचारला होता. वर्षभर संपादकाने वेतन घेतले नव्हते. हाताखाली लिहिणारे कोणी नव्हते, त्यामुळे अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्यानेच भरून काढावे लागत. त्याच काळात वकिलीचा जम बसवायचा होता, संसार होता आणि महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठीचा लढाही चालू होता. पुढच्या वर्षी, १५ नोव्हेंबर १९२९ ला, पत्र थांबले.

पत्रकारितेच्या इतिहासात अशा पत्रांची बोळवण बहुधा एका ओळीत होते: आर्थिक अडचणींमुळे बंद पडले. ही ओळ खोटी नाही, पण अपुरी आहे. अडचण कोणाची होती, आणि ती का अटळ होती, हे तिच्यातून कळत नाही. ज्या वाचकाला या पत्राची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्याच हाती वर्गणीचा पैसा नव्हता आणि वाचण्यापुरते अक्षरही नव्हते. अस्पृश्यांची पत्रे अल्पायुषी ठरली ती मुख्यतः या पेचामुळे. संपादकाची जिद्द किंवा वाचकांची आस्था कमी पडली म्हणून नव्हे.

हा पेच बाबासाहेबांना नवा नव्हता. ३१ जानेवारी १९२० ला मुंबईत परळहून ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले, तेव्हाही तो होताच. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव देता येत नव्हते, म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले. अग्रलेख मात्र बाबासाहेबांचे असत. भांडवल म्हणावे तर कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेले २,५०० रुपये. शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग होता आणि पत्राचे नावही त्यातूनच सुचले होते.

पहिल्याच अग्रलेखात हिंदू समाजाला त्यांनी एका मनोऱ्याची उपमा दिली. मजल्यावर मजले चढवलेले, पण एकातून दुसऱ्यात जायला ना शिडी ना वाट. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. याच लेखात ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘डेक्कन रयत’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘सुबोध पत्रिका’ यांचा उल्लेख येतो. बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा ही पत्रे अधूनमधून करतात, हे बाबासाहेब मोकळेपणाने मान्य करतात. पण तेवढी जागा पुरेशी नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. हा मुद्दा नीट वाचायला हवा. विरोधकांची पत्रे वाईट आहेत म्हणून आपले काढायचे, एवढाच तो नाही. मित्रांच्या पत्रांतसुद्धा दुसऱ्याच्या सवडीने बोलावे लागते, आणि सवडीने मिळालेल्या जागेत आपल्या दुःखाचा क्रम आपण ठरवू शकत नाही.

विरोधकांचे सांगायचे तर ‘मूकनायक’ निघणार असल्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. फुकट नव्हे, पैसे देऊन छापा म्हटले तरीही. बाबासाहेबांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये ही गोष्ट नोंदवून ठेवली.

जुलै १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. पत्र ज्ञानदेव घोलपांकडे आले. मे १९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले, आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडले.

वाट त्याआधीही कोणी पाडली होती. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले. तेही फार वर्षे टिकले नाही. पण त्यात एका मुरळीने स्वतःच्या जिण्याची कैफियत पत्रातून मांडली, आणि पुढे कांबळ्यांच्याच एका सहकाऱ्याने तिच्याशी लग्न केले. खपाच्या आकड्यात ही घटना कुठे बसवणार? महारवाड्यातल्या चावडीत किंवा गिरणगावातल्या चाळीत एखादा लिहिता-वाचता पोरगा अंक मोठ्याने वाचायचा आणि भोवती बसलेली माणसे ऐकायची. वर्गणीदार एक, वाचक सगळी वस्ती. हिशेबाच्या वहीत मात्र एकाच नावाची नोंद.

‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला ३ एप्रिल १९२७ ला, म्हणजे महाडच्या परिषदेनंतर दोनच आठवड्यांनी. १९ आणि २० मार्चला परिषद झाली. चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्यांवर हल्ले झाले, तळे गोमूत्राने ‘शुद्ध’ करून घेण्यात आले, आणि वृत्तपत्रांतून अस्पृश्यांवरच ताशेरे झडू लागले. या सगळ्याला ओळीओळीने उत्तर देणारा कागद हाताशी असणे ही तेव्हा लढ्याचीच गरज होती. ‘आजकालचे प्रश्न’ आणि ‘प्रासंगिक विचार’ ही सदरे आज वाचली तरी जाणवते की, लिहिणाऱ्याला समोरच्याचा प्रत्येक आक्षेप पाठ आहे. डिसेंबरात महाडलाच व्हायच्या सत्याग्रहाची तयारी, मदतीची आवाहने, कायद्याचे मुद्दे हे सारे याच रकान्यांतून लोकांपर्यंत गेले. जे काम उभ्या संघटनेने करायचे, ते एका पाक्षिकाने केले.

म्हणूनच ते कर्ज सार्वजनिक आहे, हे बाबासाहेबांचे म्हणणे रास्त होते. पाण्याचा हक्क साऱ्या समाजाला माणूसपणाकडे नेणारा, आणि त्याची किंमत मात्र एका माणसाच्या खिशातून, झोपेतून आणि लेखणीतून वसूल झालेली. ‘बहिष्कृत भारत’ थांबल्यावर वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९३० ला, त्यांच्या चळवळीचे ‘जनता’ हे पत्र निघाले.

१९९० मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक एकत्र ग्रंथरूपाने छापले. ‘मूकनायक’चे सगळे अंक मात्र तेव्हा मिळू शकले नाहीत. ज्या घरांत ते वाचले गेले, त्या घरांना कपाटे नव्हती आणि पावसात गळणारी छपरे होती. उरलेले अंक आजही एखाद्या जुन्या ट्रंकेत, खताच्या कागदांखाली दडलेले असू शकतात. ते शोधायचे काम अजून बाकी आहे.