जिवाणू मेले, कावीळ पसरली

फेब्रुवारी २०२५मध्ये प्रयागराजचा कुंभ ऐन भरात असताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित लवादाला कळवले, की तिथल्या पाण्यात मैल्यातून येणारे जिवाणू स्नानाच्या मर्यादेपेक्षा जास्त आहेत. शंभर मिलिलिटरमागे २,५०० ही ती मर्यादा. लगोलग उत्तर आले: गंगेत जिवाणूभक्षक विषाणू आहेत, ती स्वतःच शुद्ध होते. नाशिकचा सिंहस्थ जवळ आल्यावर हेच उत्तर आता गोदावरीच्या नावाने मला ऐकवले जाते. ऐकवणारे शिकलेले असतात आणि अर्नेस्ट हॅन्किनचा दाखला देतात. तेव्हा आधी हॅन्किन.

आग्र्यात काम करणाऱ्या या जंतुशास्त्रज्ञाने १८९६ साली लिहिले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पाणी उकळले की तो गुण नाहीसा होतो. निरीक्षण खरे आहे आणि मोलाचेही. पण याच हॅन्किनने पटकी रोखायला विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा आग्रह धरला, हे त्याचे भक्त सांगत नाहीत. नदीच्या गुणावर गाव सोडून देण्याइतका तो बेजबाबदार नव्हता. शिवाय जिवाणूभक्षक विषाणू ठरावीक जिवाणूच मारतो आणि जिवाणूच्या पोटातच वाढतो. म्हणून तो सांडपाण्यात मुबलक सापडतो. त्याची विपुलता हा शुद्धतेचा दाखला कसा होईल? आणि काविळीच्या विषाणूला तर तो हातही लावत नाही.

या काविळीसाठी दिल्लीकडे पाहावे लागते. १९५५च्या पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचा मैला वझिराबादच्या पिण्याच्या पाण्याच्या उपसा केंद्राकडे उलटा आला. धोका ओळखून क्लोरीन वाढवले गेले. विषमज्वर, अतिसार वाढले नाहीत, म्हणजे जिवाणू मेले होते. तरीही डिसेंबर ते जानेवारी या काळात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, आणि गर्भवतींमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी अधिक होते. तो आजार हिपॅटायटिस ई होता, हे कळायला पुढे काही दशके गेली.

दिल्लीचा हा अनुभव माझ्या बाजूलाही सोडत नाही. आम्ही नदीप्रेमी जिवाणूंचा आकडा फडकावतो. पण तो आकडा मैला मिसळल्याची खूण आहे, रोगांची मोजदाद नव्हे. उद्या जंतुनाशक ओतून स्नानाच्या कुंडातला आकडा २,५००च्या खाली आणून दाखवला, तर आम्ही काय म्हणणार? मागणी आकड्याची नव्हे, मैला नदीत येऊच नये याची हवी. पात्राशेजारी घाट बांधून, फरशा बसवून ती पुरी होत नाही.

स्नानाला येणारा भाविक परत जातो. नाशिकचे पाणी मात्र खाली निफाड तालुक्यातून नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जाते. काठच्या माणसाला त्याच पात्रातून शेत भिजवायचे असते, तिथेच गुरे धुवायची असतात. २०१२ साली पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीने माणसे दगावली. तिथल्या लोकांना हा धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

नाशिककरांनो, सिंहस्थाच्या खर्चातून आधी नाल्यांची तोंडे बंद करायला लावा. आपल्या प्रभागाचा मैला कुठल्या केंद्रात जातो आणि वीज गेल्यावर कुठे जातो, हे नगरसेवकाला लेखी विचारा. काठच्या गावांतील आरोग्य केंद्रांत काविळीचे किती रुग्ण आले, हेही दर महिन्याला जाहीर करायला लावा.