सरळपणा आणि सारखेपणा

‘सरळ’ व ‘सारखें’ हे दोन शब्द आपल्या बोलण्यांत इतके जवळजवळ वावरतात कीं, त्यांतील भेद सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. पांच माणसें एकच गोष्ट सांगूं लागलीं म्हणजे ती खरीच असली पाहिजे, असें आपण मानतों. शंभर उत्तरपत्रिका एकाच वळणाच्या आढळल्या म्हणजे शिकवणें यशस्वी झालें, असें आम्ही अध्यापक समजतों. वस्तुतः सारखेपणा हा वस्तूंचा परस्परांशीं संबंध आहे, आणि सरळपणा हा वस्तूचा स्वतःचा गुण आहे. एक असला म्हणजे दुसरा असतोच असें नाहीं. तर्कशास्त्र शिकविण्यांत पुष्कळ वर्षें घालवूनही ही गोष्ट आम्हांस खऱ्या अर्थानें उमगली ती वर्गांत नव्हे, तर घरामागील पत्र्याच्या शेडमध्यें, एका रंध्याच्या यंत्रापाशीं.

सुतारकामाचा छंद आम्हांस चाळिशीनंतर जडला. पुण्यांतील घराच्या मागें जी थोडी जागा होती, तींत एक बाकडें, दोन करवती, पटाशा, गुण्या व रंधे एवढ्या सामग्रीवर हा संसार सुरू झाला. एका वृद्ध मिस्त्रींनीं आम्हांस रंधा धरावयास शिकविलें. वखारींतून आणलेली सागवानी फळी करवतीचे ओरखडे, वांक व पीळ घेऊनच घरीं येते. तिचें एक अंग सपाट करावयाचें, त्याच्याशीं काटकोनांत एक कड साधावयाची, मग दुसरें अंग पहिल्याशीं समांतर आणावयाचें, हा क्रम. हातानें हें करावयास एका फळीला एक संध्याकाळ पुरत नसे. पन्नाशी उलटली, खांदा कुरकुरूं लागला, आणि यंत्र घ्यावें असा विचार मनांत आला.

विचाराबरोबर संकोचही आला. पोटासाठीं सुतारकाम करणारानें यंत्र घेतलें तर त्यास कोणी बोल लावणार नाहीं. परंतु जो केवळ आवडीनें हें काम करतो, त्यानें त्यांतील कष्ट यंत्रावर ढकलले तर त्याच्यापाशीं उरलें काय? गड चढण्याची हौस म्हणून माथ्यापर्यंत मोटारीनें जाण्यासारखेंच हें नव्हे काय?

ह्या यंत्राचा इतिहासच मोठा बोधक आहे. लाकूड रंधण्याच्या यंत्राच्या आद्य कल्पकांत सॅम्युएल बेंथॅम ह्याची गणना होते. उपयुक्ततावादाचा आचार्य जेरेमी बेंथॅम ह्याचा हा धाकटा भाऊ. १७९१ व १७९३ सालीं त्यानें इंग्लंडांत लाकूडकामाच्या यंत्रांचीं पेटंटें घेतलीं, आणि तीं यंत्रें जेरेमीच्या योजनेंतील बंदिगृहांतल्या कैद्यांकडून चालवावीं असा मनसुबा होता. ज्यांच्या हातांत कसब नाहीं व मनांत इच्छाही नाहीं, अशांकडूनही काम चोख उतरावें, हा हेतु. कैद्यासाठीं कल्पिलेलें यंत्र हौशी माणसानें आपखुषीनें घरीं आणावें, ह्यांत एक विनोद आहे खरा. परंतु उलट बाजूही आहे. यंत्रांचे कठोर टीकाकार जे गांधीजी, त्यांनींही १९२४ सालीं शिवणाच्या यंत्रास आपल्या आक्षेपांतून वगळलें होतें. कारण पत्नीचे कष्ट वांचवावे ह्या प्रेमांतून तें जन्मास आलें, असें ते मानीत. तेव्हां यंत्राचा न्याय त्याच्या चाकांवरून न करतां, तें माणसाचें काय घेतें व काय राखतें ह्यावरून करावा, हें बरें. कष्ट हे केवळ कष्ट म्हणून पवित्र आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. दिवसभर रंधा ओढून ज्याची पाठ मोडते, त्या सुतारास त्या श्रमांचें काव्य ऐकवून पाहावें, म्हणजे उत्तर मिळेल.

असो. आम्हीं यंत्र घेतलें, आणि घेतांनाच पहिली चूक केली. अशा यंत्राचीं कामें दोन. प्लेनर फळीचें एक अंग सपाट करतो. थिकनेसर दुसरें अंग त्याच्याशीं समांतर करून ठरल्या जाडीची फळी देतो. दोन्ही कामें करणारें जोडयंत्र महाग व अवजड; नुसता थिकनेसर स्वस्त व सुटसुटीत. आम्हीं थिकनेसर आणला. एका बाजूनें फळी सारावी, रुळांनीं ती आंत ओढावी, आणि दुसऱ्या बाजूनें ती गुळगुळीत होऊन बाहेर यावी, हें पाहतांना आमच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. नातीच्या अभ्यासासाठीं मेज करावयाचें होतें. त्याच्या सर्व फळ्या व पट्ट्या एका रविवारांत सारख्या जाडीच्या झाल्या. मेज उभें राहिलें तें तीन पायांवर! चौथा जमिनीस लागेना. एक पाय थोडा कापून पाहिला, तर दुसराच अधांतरीं. शेवटीं मिस्त्रींना बोलाविलें. त्यांनीं उरलेली एक फळी उचलली, तिच्या दोन टोकांवर दोन सरळ काठ्या आडव्या ठेविल्या, एक डोळा मिटून त्यांच्या कडा न्याहाळल्या, आणि म्हणाले, “सर, जाडीला सारखी आहे, पण सरळ कुठं आहे?”

त्या एका वाक्यांत यंत्राचें सर्व शास्त्र आलें. थिकनेसर खालच्या अंगास प्रमाण मानतो व वरचें अंग त्याच्याबरहुकूम कापतो. खालचें अंग पिळलेलें असेल तर वरचेंही तसेंच पिळलेलें निघतें. फळी पातळ असली तर प्रकार अधिकच फसवा. रूळ तिला दाबून क्षणभर सपाट करतात, पातीं फिरून जातात, आणि दाब सुटतांच ती आपल्या मूळ वांकावर येते. घरांत व शाळेंत दडपणाखालीं वाढलेल्या पुष्कळ सद्गुणांची गति हीच होते.

पुढें तो थिकनेसर विकून आम्हीं जोडयंत्र घेतलें. ह्या वेळीं रुंदीच्या आंकड्यांस न भुलतां वरच्या मेजांची लांबी प्रथम पाहिली. कारण मेज आंखूड असलें तर लांब फळी सपाट होणें दुरापास्त. ब्रशवाली मोटर हलकी पण कर्कश. इंडक्शन मोटर जड पण पुष्कळ शांत. म्हणून दुसरी पत्करली. तरीही लाकूड पात्यांस लागलें म्हणजे आवाज चार घरें जातो. आमचा छंद हा आतां शेजाऱ्यांचाही प्रश्न झाला, आणि दुपारीं एक ते चार ह्या वेळेंत पुण्यास झोपेंतून उठविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं! भुशाचीही तीच कथा. लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत १९९५ सालींच झाली आहे. तेव्हां भुसा ओढणारा पंखा व तोंडावर पट्टी ह्यांवांचून यंत्र सुरू करावयाचें नाहीं, हा नियम. हातरंध्याची चूक फळीपुरती असे. येथें एका क्षणाची चूक बोटें घेऊन जाते. यंत्रानें कष्ट कमी झाले, पण सावधपणाचें ओझें वाढलें.

जोडयंत्र आलें तेव्हां वाटलें कीं, आतां सरळपणाही विकत मिळाला. परंतु नव्या यंत्राचीं दोन मेजें एकमेकांशीं समांतर नव्हतीं. एका टोकास कागद सरकेल एवढी फट होती. ती पाहिली कशानें? पोलादी पट्टीनें. ती पट्टी सरळ कशावरून? दुसऱ्या पट्टीवरून. आणि ती? प्रामाण्य स्वतः कीं परतः, ह्या मीमांसकांच्या व नैयायिकांच्या वादांत ज्या अनवस्थेचा धाक घातला जातो, ती येथें आमच्या शेडमध्यें येऊन उभी राहिली.

ह्या अनवस्थेंतून सुटण्याचा मार्ग कारागिरांनीं शोधून काढला होता, आणि जोसेफ व्हिटवर्थ ह्यानें १८४० सालीं ग्लासगो येथील विद्वत्सभेपुढें तो विशद करून सांगितला. दोनच पृष्ठें एकमेकांवर घासून जुळविलीं तर तीं पूर्ण जुळतील आणि तरीही खोटीं असतील. एकास फुगवटा, दुसऱ्यास तेवढाच खळगा. म्हणून पृष्ठें तीन घ्यावीं. पहिलें दुसऱ्याशीं, दुसरें तिसऱ्याशीं, तिसरें पहिल्याशीं, दिशा बदलून पुनः पुनः ताडून पाहावें व उंचवटे खरडीत जावें. तिन्ही जोड्या जुळल्या म्हणजे तिन्ही पृष्ठें सपाट. अगोदरचें कोणतेंही निर्दोष प्रमाण हातीं नसतां, तीन सदोष वस्तूंच्या प्रामाणिक परीक्षेंतून प्रमाण निर्माण होतें!

हें समजल्यावर आम्हांस आमच्या व्यवसायाकडे पाहण्याचें थोडें भय वाटूं लागलें. प्रश्नपत्रिका आम्हीं काढावी, तिच्या मापाचीं मार्गदर्शकें बाजारांत यावीं, विद्यार्थ्यांनीं तींच पाठ करावीं, आणि उत्तरें जुळलीं म्हणून आम्हीं संतोष मानावा. फुगवटा व खळगा ह्यांचेंच हें जुळणें नव्हे काय? तिसरें पृष्ठ कोणतें? वर्गाबाहेरचें आयुष्य, परका वाचक, किंवा ज्यास आमच्या पदवीचें कौतुक नाहीं असा कोणी मिस्त्री. आमचें व आमच्या यंत्राचें पूर्ण एकमत झालें होतें. तें एकमत मोडावयास तिसरा माणूसच यावा लागला.

तेव्हां यंत्रास काय द्यावें व आपण काय राखावें, ह्या प्रश्नास आमचें उत्तर हें आहे. सारखें करण्याचें काम यंत्रास खुशाल द्यावें. तें तें आपल्याहून चांगलें करतें. परंतु पहिलें अंग खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम कोणासही देतां येत नाहीं, आणि तें एकट्यानेंही होत नाहीं. प्रत्येक फळी यंत्रांत घालण्यापूर्वीं आम्ही तिच्यावर आतां दोन काठ्या ठेवून पाहतों, आणि मिस्त्री आले तर त्यांनाही पाहावयास लावतों.

नातीचें तें मेज आम्हीं मोडलें नाहीं. ती त्यावरच अभ्यास करते. चौथ्या पायाखालीं कागदाची एक घडी घातली आहे. ती आम्हींच काढलेल्या एका जुन्या प्रश्नपत्रिकेची आहे.